पावसाळ्यात मधमाश्यांची भूक

महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. पण या डोंगरात पाऊस लागला, की मध देणाऱ्या सातेरी माश्यांवरच उपासमारीची पाळी येते. धो-धो पावसात बाहेर पडता येत नाही, फुलेही मिळत नाहीत. पेटीतला सगळा मध आधीच काढून घेतलेला असेल, तर वसाहत मरते किंवा पेटी सोडून निघून जाते.

म्हणून मधपाळ साखरेचा पाक देतात. मात्र पातळ पाक दमट हवेत आंबतो, सांडला तर मुंग्या लागतात. त्यापेक्षा घट्ट फाँडंट बरे. चार किलो साखरेत एक लिटर पाणी घालून गोळीबंद पाक करावा, कोमट झाल्यावर पांढराशुभ्र होईपर्यंत घोटावा आणि त्याची वडी चौकटींवर ठेवावी. साखर पांढरीच हवी. गुळाने माश्यांना हगवण लागते. करपलेला पाकही त्यांना घातक.

फुलोरा सुरू होताच हा खाऊ बंद करावा, नाहीतर साखर मधात उतरते आणि ग्राहक फसतो. त्याहून चांगले म्हणजे, मध काढतानाच माश्यांचा वाटा पेटीत राखून ठेवावा.