हाड वाढलंय खरं, पण दुखतंय ते दुसरंच

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. चार पावलं चाललं की जरा सैल पडतं. तासभर बसून उठलं की पुन्हा तेच. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल, कुपवाडच्या एमआयडीसीत आख्खी पाळी काँक्रीटवर उभे राहणारे कामगार, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट पळत चढणारी मंडळी, शहाबादी फरशीवर अनवाणी स्वयंपाक करणाऱ्या बायका, कुणाचीही ही तक्रार असू शकते. मग एक्स-रे निघतो, त्यात टाचेच्या हाडाला टोक आलेलं दिसतं आणि घरभर बातमी होते: हाड वाढलंय.

हे टोक आतून पायात रुततं, म्हणून दुखतं, असं बहुतेकांना वाटतं. पण एक्स-रे नीट पाहा. ते टोक जमिनीकडे नसतं, पुढे बोटांच्या दिशेने आडवं असतं. वर्षानुवर्षं ताण पडून तिथं हाड धरतं. कसलाही त्रास नसलेल्या कित्येकांच्या टाचेत ते सापडतं आणि टाच ठणकत असलेल्या अनेकांच्या एक्स-रेत ते नसतंच. दुखणं असतं ते बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याचं. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशियायटिस म्हणतात. म्हणून टोक तिथंच राहून दुखणं पूर्ण थांबू शकतं, आणि बहुतेकांचं तसंच थांबतं.

‘कॅल्शियम जास्त झालं, दूध बंद करा’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. दूध, नाचणी किंवा कॅल्शियमच्या गोळीमुळे टाचेचं हाड वाढत नाही. उलट पाळी गेल्यानंतर बाईची हाडं ठिसूळ व्हायला लागतात. त्या वयात रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावं, असं आयसीएमआर सांगते. नेमक्या त्याच वयात टाच दुखते म्हणून दूध तोडायचं, म्हणजे टाच आहे तशीच राहते आणि खुब्याच्या, मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका वाढतो.

‘शेकलं की हाड विरघळतं’ हाही तसाच समज. तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच टेकवतात. उबेनं स्नायू सैलावतात, घटकाभर बरं वाटतं, एवढं खरं. हाडाला त्यानं काही होत नाही. बिब्ब्याचा चटका मात्र कुणीच घेऊ नये. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजून फोड येतात. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाला तर चटका किती खोल गेला तेही कळत नाही. जखम चिघळली तर बोट किंवा पाय गमवायची वेळ येते. विटेचा शेकही अशा माणसानं घेऊ नये. बाजारात ‘हाड विरघळवणाऱ्या’ पुड्या मिळतात, पण असं कुठलंच औषध नाही. दोन दिवसांत जादू करणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे.

मग करायचं काय? पाय जमिनीवर ठेवायच्या आधीच, पलंगाच्या कडेला बसून दुखरं पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या. हातानं बोटं नडगीकडे ओढा, तळव्यातला पट्टा ताणलेला हाताला लागला पाहिजे. दहापर्यंत मोजून सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून, मागची टाच न उचलता पोटरी ताणणं हेही रोजचंच. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवा (बधिर पाय असेल तर नको). घरातही मऊ चप्पल घाला. झिजलेली, पातळ तळाची चप्पल फेकून द्या. वजन जास्त असेल तर ते उतरवा. अंथरुणाला खिळून राहायची गरज नाही, फक्त कळ वाढवणारं काम, पळणं थोडे दिवस कमी करा. फरक पडायला आठवडे लागतात आणि इथंच माणसं धीर सोडतात. पण दहातल्या आठ-नऊ जणांना वर्षभरात ऑपरेशनशिवाय आराम पडतो.

टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की काही आठवडे बरं वाटतं. ते वारंवार घेतलं तर टाचेची चरबीची गादी झिजू शकते, पट्टाही तुटू शकतो. मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तर पोटाला आणि किडनीला त्रास होतो. नुसतं टोक कापायचं ऑपरेशन फार क्वचित लागतं.

गुडघ्यातल्या वाढलेल्या हाडाचंही असंच आहे. तिथं झीज असते, पण मांडीचे स्नायू बळकट केले आणि वजन उतरवलं की दुखणं बरंच हटतं. ‘गुडघे झिजलेत, आता चालू नका’ हे ऐकू नका. झेपेल तेवढं चालत राहा.

मात्र पडल्यावर किंवा मार लागल्यावर टाच टेकवतच नसेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, ताप किंवा सूज असेल, मुंग्या येत असतील, तर घरी थांबू नका. तरुण मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही अर्धा तास आखडलेली असते, तेव्हा तो मणक्याचा संधिवात असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आणि ते लवकर सुरू व्हायला हवेत. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. जाताना जुने एक्स-रे, चालू गोळ्या आणि रोज वापरायची चप्पल बरोबर न्या. तिचा तळ कुठं झिजलाय ते पाहून डॉक्टरांना पाऊल कसं पडतं याचा अंदाज येतो.