वाराचे जेवण, वाराचे दान

आबिड्स हे नाव ज्या गृहस्थावरून पडले तो हैदराबादचा नव्हता. आल्बर्ट आबिड हा आर्मेनियन वंशाचा मनुष्य सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पदरी होता. त्याने येथे दुकान थाटले. पुढे दुकान गेले, नाव मात्र राहिले. आपल्या मराठी मंडळींचे या शहराशी नाते काहीसे असेच आहे. आबिड्सला लागून टिळक रोड आहे, कोठीच्या वाटेवर हनुमान टेकडी आहे, आणि ज्या दख्खनी बोलीत येथला रिक्षावाला आपल्याशी हुज्जत घालतो तिच्यातला ‘नक्को’ आणि ‘मैंइच’मधला ठसक्याचा ‘च’ या दोन्ही आपल्याच घरच्या वस्तू आहेत. बाहेरून आलेला माणूस गावात किती मुरला हे त्याच्या शब्दांवरून कळते. आपल्या मागून येणाऱ्यांसाठी तो काय करतो, यावरून ते अधिक कळते असे मला वाटते. या दुसऱ्या गोष्टीविषयी, आणि तीही वैद्यकीय व्यवसायातील माणसाच्या दृष्टीने, येथे लिहावयाचे आहे.

निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषिक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे मुंबई राज्यात गेले. तोवर नांदेडच्या माणसाची राजधानी हैदराबाद हीच होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले. मधल्या चाळीस वर्षांत परभणी-नांदेडकडील ज्या मुलाला पदवी हवी असे, त्याला बहुधा हैदराबादची गाडी धरावी लागे. त्यापूर्वीच, १९०७ साली, येथे विवेकवर्धिनी ही शाळा उभी राहिली होती. तिच्या उभारणीशी केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आणि त्या काळी या शहरात चित्रकार म्हणून राहणारे पंडित सातवळेकर यांची नावे निगडित आहेत. शाळा झाली, फी माफ करता आली. पण गावाहून आलेले मूल जेवणार कोठे, हा प्रश्न शाळेच्या इमारतीने सुटत नाही. तो सोडविण्याची आपल्या समाजाची एक जुनी रीत होती. तिचे नाव ‘वार लावणे’.

नव्या पिढीतील वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. गरीब विद्यार्थ्याने सात घरे पाहावयाची. प्रत्येक घरी आठवड्यातला एक वार ठरलेला. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी मास्तरांकडे, बुधवारी एखाद्या विधवा मावशींकडे. कोणत्याही घराला एका पानाचा भार आठवड्यातून एकदाच पडे, म्हणून सामान्य कारकुनालाही ते झेपे. मुलाला मात्र सातही दिवस अन्न मिळे. माझे वडील असे वारावर जेवूनच शिकले. पुढे कित्येक वर्षे त्यांच्या बोलण्यात ‘गुरुवारच्या काकू’ आणि ‘शनिवारचे आबा’ येत असत. त्यांची आडनावे आम्हां भावंडांना शेवटपर्यंत कळली नाहीत.

या रीतीचे नुसते गोडवे गाणे मात्र खरेपणाचे होणार नाही. वारकरी मुलाला पाणी भरावे लागे, निरोप पोचवावे लागत, काही घरी शिळेपाके वाढले जाई. शिवाय ती बहुतांशी ब्राह्मणांच्या घरांतून ब्राह्मण मुलांपुरती होती; दलित, मराठा वा कोष्टी मुलाला त्या सात घरांचे दार उघडत नसे. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने माधुकरीला संस्थेची शिस्त दिली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली व एका पंगतीला आणून त्या रीतीतला मोठा दोष काढून टाकला. तो दोष वगळला तर वारामागचा हिशेब आजही उपयोगी आहे असे माझे मत आहे. दान थोडे, पण ठरलेल्या दिवशी. आणि देणाऱ्यांची संख्या इतकी, की एकाच्या आजारपणाने वा परगावी जाण्याने साखळी तुटू नये.

आता आबिड्सहून नामपल्लीच्या पलीकडे रेड हिल्सला जाऊ. तेथे मुलांचे निलोफर रुग्णालय १९५३ पासून आणि मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय १९५५ पासून आहे. दोन्हींच्या परिसरात थोडा वेळ उभे राहिल्यास तेलुगू आणि दख्खनी यांच्या गलबल्यात मराठी ऐकू येते: देगलूर, किनवट, उदगीर, बिलोली. राज्य बदलून अनेक दशके झाली, पण पायांना जुनी वाट आठवते. नांदेडहून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, मुंबई त्याच्या जवळजवळ दुप्पट. नांदेडला १९८८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पुष्कळसे उपचार तेथे होतात. तरी अवघड दुखण्याचे मूल घेऊन माणसे इकडे येतात. आज आपल्या शहरात येणारे मराठी नवागत म्हणजे संगणक कंपन्यांतील तरुण आहेतच. त्यांना घर शोधून देणारे पुष्कळ असतात. मी म्हणतो ते नवागत रुग्णालयाच्या पायरीवर गाठोडे घेऊन बसलेले असतात.

अशा कुटुंबाला पैशाची गरज असते हे कोणीही सांगेल. कोणत्या पैशाची, हे समजून घेतले पाहिजे. सरकारी रुग्णालयात औषध व खाट बहुधा मोफत वा अल्प दरात मिळते. सरकारी योजना आहेत. पण आरोग्यश्री येथील रहिवाशांसाठी, महाराष्ट्राची महात्मा फुले योजना तिकडच्या शिधापत्रिकेवर. २०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची सोय आहे आणि तेलंगणही २०२१ पासून तिच्यात आहे, तरी ते कार्ड घरी पेटीत राहिलेले असते किंवा काढलेलेच नसते. या कागदांतून मार्ग निघाला तरी जाण्यायेण्याचे भाडे, सोबतच्या दोघांचे जेवण, रात्रीचा निवारा आणि बुडालेली मजुरी हे चार खर्च कोणत्याही योजनेत पुरते बसत नाहीत. बऱ्याचदा उपचार सुटतो तो या चारांपायी.

मुलांतील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उदाहरण घ्या. हा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. प्रगत देशांत यातील दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात, म्हणजे रोग असाध्य नाही. पहिल्या महिनाभराच्या औषधांनी बहुतेकांचा रोग मागे हटतो, ताप जातो, मूल अंगणात खेळू लागते. आईबाप म्हणतात, बरे झाले. सोयाबीन काढणीला आले आहे, आता परत कशाला जायचे? उरलेल्या पेशी मात्र कोठेतरी दबा धरून असतात. चार आठवडे वा अधिक काळ सलग उपचार चुकले तर त्यास बालकर्करोगाच्या परिभाषेत ‘उपचार सोडणे’ म्हणतात, आणि गरीब देशांत ही मुले गमावण्याचे ते एक मोठे कारण मानले जाते. दुसरी बाजू अशी, की औषधांनी पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाला ताप आला तर तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. ते मूल किनवटच्या तांड्यावर असेल तर हे कसे व्हावे? म्हणून रुग्णालयापासून जवळ एक खोली, स्वच्छ पाणी आणि दोन वेळचे ताजे अन्न यांना मी उपचाराचाच भाग मानतो. सलाइनच्या बाटलीइतकेच.

थॅलेसेमियाचा हिशेब तर वाराला इतका जुळतो की तो येथे मांडलाच पाहिजे. या मुलाला साधारण दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, म्हणजे वर्षाला सतराच्या आसपास वेळा. आपल्याकडील नियमानुसार पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येते. पुरुष वर्षात चारदा, स्त्री तीनदा. तेव्हा लहान मुलामागे पाच माणसे लागतात; मूल मोठे झाले आणि एका वेळी दोन पिशव्या लागू लागल्या की दहा. १५ ऑगस्टला मंडप घालून शंभर जणांनी एकदम रक्त दिले तर छायाचित्र चांगले येते, परंतु तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवसच टिकतात. मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना, त्या शंभरांपैकी दहा जण आपापल्या ठरल्या तारखेला आले तर त्याचे मोल अधिक. आपल्या शहरात थॅलेसेमिया अँड सिकल सेल सोसायटी १९९८ पासून हे काम चिकाटीने करीत आहे. किनवट-आदिलाबादच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल आहे हे ध्यानात घेता, आपल्यापैकी ज्यांना स्वतंत्र खटाटोप नको त्यांनी अशा चालत्या कामाला जोडून घेणे शहाणपणाचे.

अन्न, रक्त आणि निवारा यांनंतर चौथी वस्तू भाषा. तिला पैसे पडत नाहीत म्हणून ती दानात धरली जात नाही. मराठवाड्यातील माणसाला हिंदी समजते अशी आपली समजूत असते. बाजारापुरती समजते. रुग्णालयातील पाट्या तेलुगू-इंग्रजीत, परिचारिका तेलुगूत बोलते, आणि हैदराबादी ‘परसों’ हा शब्द तर कालच्या आधीच्या दिवसापासून गेल्या दिवाळीपर्यंत कशालाही लागू पडतो! मुलाला ताप ‘परसों’ आला असे दुभाष्याने सांगितले तर डॉक्टरने काय समजावे? एकदा एका आजीबाईंशी मराठीत बोलल्यावर कळले, की नातवाची एक गोळी दररोज आणि दुसरी आठवड्यातून एकदा घ्यावयाची, तर त्या दोन्ही दररोज देणार होत्या. तेथे माझे वैद्यकीय ज्ञान कामी आले नाही. देगलूरची बोली कळणारे कोणीही ते करू शकले असते. निवृत्त शिक्षिका, बँकेतील मंडळी, आपल्या घरच्या गृहिणी यांनी आठवड्यातील एक सकाळ बाह्यरुग्ण विभागात बसून काढली तर त्याची बरोबरी चेकने होत नाही.

भाषेचीच अडचण कामासाठी येथे येऊन राहिलेल्या कुटुंबांच्या मुलांना वेगळ्या रूपात येते. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत दहावीपर्यंत तेलुगू शिकवणे सक्तीचे झाले. ते योग्यच आहे. ज्या गावी राहावयाचे तेथील भाषा आलीच पाहिजे. पण मुखेडहून आलेल्या मुलाला पाचवीत एकदम तेलुगू अक्षरे गिरवावी लागतात. त्याला आपण जूनमध्ये सहा वह्या आणि एक दप्तर देतो. आबिड्सच्या पदपथावरील रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात दोन फेऱ्या मारून तेलुगू अंकलिपी आणि मागील इयत्तांची पुस्तके घेतली, आणि आपल्या येथेच वाढलेल्या, तेलुगू सफाईने बोलणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी आठवड्यातून एक तास दिला, तर त्या वह्या भरतील तरी.

काय देऊ नये, हेही डॉक्टरांच्या स्मरणिकेत लिहिले पाहिजे. आपल्या टेबलाच्या खणात साठलेले नमुन्याचे औषध हे दान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ साली प्रसिद्ध केली. त्यांत डॉक्टरांना मिळालेले मोफत नमुने आणि रुग्णांनी परत केलेली औषधे देऊ नयेत असे स्पष्ट सांगितले आहे, आणि औषध पोचते वेळी त्याची मुदत निदान वर्षभर उरलेली असावी असाही दंडक आहे. तीन गोळ्यांची पट्टी देऊन प्रतिजैविकाचा अर्धा कोर्स करविणे हे रोगजंतूंना केलेले दान होय. जुन्या कपड्यांची बोचकीही नकोत. किरणोपचार चाललेल्या मुलाला मऊ, धुतलेला सुती सदरा लागतो. लग्नातील जरीचा झब्बा नव्हे.

पैशाच्या व्यवहाराबद्दल थोडक्यात. रोख रक्कम दोन हजारांहून अधिक असेल तर ८०जी कलमाची सवलत मिळत नाही, चेक द्यावा. अमेरिकेतील आपली मुले-भाचरे मदत करू इच्छितात, त्यांचे स्वागत आहे. मात्र ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले त्यांचे पैसे कायद्याने विदेशी देणगी ठरतात आणि त्यासाठी संस्थेची स्वतंत्र नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे तसे ठरत नाहीत. हा फरक न पाहता खात्यात रक्कम घेणारी संस्था अडचणीत येते.

आम्ही काही जणांनी रेड हिल्सच्या मुलांसाठी वारांची एक वही केली आहे. एका पानावर एक मूल. त्याखाली सात ओळी जेवणाच्या, पाच ओळी रक्ताच्या, एक ओळ भाषेची. घराने डबा पाठवावयाचा, मुलाची जात वा गाव विचारावयाचे नाही, आणि डबा नेणाऱ्याने छायाचित्र काढावयाचे नाही, एवढेच नियम. बाहेरगावी जाणाऱ्याने आपला वार स्वतःच दुसऱ्याकडे सोपवावयाचा. सोमवार ते शुक्रवारची नावे बऱ्यापैकी भरली आहेत. रविवार रिकामा राहतो, कारण त्या दिवशी सर्वांच्याच घरी पाहुणे असतात. आणि गणपतीचे दहा दिवस व मे महिना यांची पाने जवळजवळ कोरी आहेत. वार्षिक मेळाव्याच्या दिवशी ही वही नोंदणीच्या टेबलावर, पेनासह, ठेवलेली असेल.