धनुष्य कोपऱ्यात उभं करू नका!

ऑगस्ट २०२३. बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपची कंपाउंड फायनल. नागपूरच्या ओजस देवतळेनं १५ बाण सोडले आणि १५० पैकी १५० गुण घेतले. समोरचा पोलंडचा खेळाडू १४९ वर थांबला. त्याच दिवशी साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामीही वर्ल्ड चॅम्पियन झाली. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांच्या दृष्टी अकादमीत घडलेले. त्यानंतर ओजसनं हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये तीन गोल्ड आणले आणि आपल्या शहरातल्या कित्येक पोरापोरींना ‘आपणही बाण मारून बघू’ असं वाटायला लागलं.

पण ओजसच्या हातातलं कंपाउंड धनुष्य, म्हणजे चाकं, केबल, साइट, रिलीज हे सगळं धरून, काही लाखांच्या घरात जातं. कॉलेजातल्या बहुतेकांची सुरुवात होते ती बांबूच्या साध्या धनुष्यानं. या प्रकाराला आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ म्हणतात. साइट नाही, स्टॅबिलायझर नाही. डोळा, खांदा आणि सराव एवढंच भांडवल. आंतरविद्यापीठ स्पर्धांतही इंडियन राउंड खेळला जातो. दीपिका कुमारीसारखी ऑलिंपियनसुद्धा लहानपणी बांबूच्या घरगुती धनुष्यावरच नेम धरायला शिकली. आणि गडचिरोली-मेळघाटातून नागपुरात शिकायला आलेल्या कुणाला तिरकमठा काय असतो, हे सांगायची गरजच नाही.

अडचण पुढे आहे. इंडियन राउंड खेळणाऱ्याकडे बहुतेक वेळा एकच धनुष्य असतं. हाताला बसलेलं, सवयीचं. ते स्पर्धेच्या तोंडावर वाकडं झालं, तर दुसरं मिळेलही, पण त्याची ओढ वेगळी, बाणाची उंची वेगळी. म्हणजे सराव पुन्हा पहिल्यापासून. आणि गंमत अशी की, अशी बरीच धनुष्यं ग्राउंडवर खराब होत नाहीत. ती खराब होतात रूमवर, दाराआड, झाडूच्या शेजारी.

काऊन बा, बांबूला स्टँड कशाला?

बांबूच्या धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. पाठ म्हणजे निशाण्याकडची बाजू, पोट म्हणजे आपल्याकडची. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. बांबूचे सगळ्यांत चिवट तंतू सालीजवळ असतात, म्हणून ती बाजू ताण सहन करते. पोटाकडचा भाग मात्र सतत दाबून ठेवला की हळूहळू तसाच बसतो. दोरी चढवलेलं धनुष्य रात्रंदिवस ठेवलं की नेमकं हेच होतं. मग दोरी उतरवली तरी ते सरळ होत नाही, आणि बाणातला जोर कमी होतो.

कोपऱ्यात उभं केलं की दुसरा त्रास. सगळा भार खालच्या टोकावर. भिंतीला तिरपं टेकलेलं ते टोक रोज थोडं थोडं पिळलं जातं. एका बाजूला पीळ पडला की दोरी मधोमध बसत नाही आणि बाण सरळ सुटत नाही. आपण मात्र दोष देतो स्वतःच्या रिलीजला.

त्यात आपलं नागपूर! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, म्हणून खिडकीतल्या उन्हात ठेवलेला बांबू सुकून तडकू शकतो. आणि रूममधली ‘गार’ जागा कुठली, तर कूलरसमोरची. ती तर नकोच. दमट हवा खाऊन बांबू मऊ पडतो, मग दुपारी पुन्हा वाळतो. असं रोजचं ओलं-कोरडं त्याला मानवत नाही.

हे शहाणपण जुनं आहे. इंग्लंडच्या राजाचं ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं गेलं. त्यात शंभराहून जास्त लाकडी धनुष्यं सापडली. त्यातली बरीच पेट्यांमध्ये नीट आडवी रचून ठेवलेली होती. सैनिकांनाही कळत होतं, धनुष्याला स्वतःची जागा लागते.

दहा फूट पाइप, एक दुपार

भिंतीत खुंट्या ठोकता आल्या तर प्रश्नच नाही. पण होस्टेलवर खिळा ठोकला की डिपॉझिट गेलं समजा. म्हणून हा जमिनीवरचा स्टँड. नळाच्या फिटिंगचा अर्धा इंची पीव्हीसी पाइप घ्या. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. खर्च साधारण एका पिझ्झाएवढा.

सामान : दहा फूट पाइप, चार टी, चार एल्बो, सहा एंड कॅप, सोल्युशनची छोटी डबी, पॉलिश पेपर, हॅक्सॉ ब्लेड आणि पंक्चरवाल्याकडची जुनी सायकल ट्यूब.

तुकडे : पायांसाठी ८ इंचाचे चार, खालच्या खांबांसाठी ६ इंचाचे दोन, मधल्या आडव्या दांड्यासाठी १८ इंचाचा एक, वरच्या खांबांसाठी २० इंचाचे दोन, हातांसाठी ४ इंचाचे दोन आणि टोकांसाठी ३ इंचाचे दोन. सगळं मिळून ११६ इंच. म्हणजे दहा फुटांत बसतं आणि कापण्यात थोडं गेलं तरी चालतं.

१. ८ इंचाचे दोन तुकडे एका टीच्या दोन्ही बाजूंना लावा. टीचं तिसरं तोंड वर. हा झाला एक पाय. असाच दुसरा करा.

२. प्रत्येक पायावर ६ इंचाचा खांब, त्यावर दुसरी टी. या टींची मधली तोंडं एकमेकांसमोर ठेवा आणि त्यांत १८ इंचाचा दांडा बसवा. आता स्टँड आपल्या पायावर उभा राहील.

३. वर २० इंचाचे खांब. त्यांच्या डोक्यावर एल्बो, तोंड समोर. त्यात ४ इंचाचा हात, पुढे आणखी एक एल्बो, तोंड वर, त्यात ३ इंचाचं टोक. झाले दोन आकडे.

४. आधी सगळं सोल्युशन न लावता जोडून बघा. दोन्ही आकडे एका उंचीवर आणि एकाच दिशेला हवेत. मगच एकेक जोड काढून सोल्युशन लावा. ते लगेच धरतं, दुसरा चान्स देत नाही. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो.

५. पायांत वाळू भरून टोकांना कॅप लावा. ग्राउंडवर वारा सुटला तरी स्टँड हलणार नाही. उरलेल्या दोन कॅप आकड्यांच्या टोकांना.

६. हातांवर सायकल ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा. धनुष्याला ओरखडा येत नाही आणि ते घसरतही नाही.

धनुष्य आडवं ठेवायचं, मूठ बरोबर दोन आकड्यांच्या मधोमध. ग्राउंडवर दोन फेऱ्यांच्या मध्ये, दोरी चढवलेली असताना, दोरीची बाजू खाली करा. वजन खाली राहतं आणि धनुष्य उलटत नाही. रूमवर आलात की दोरी उतरवायची. रोज. आळस आला तरी.

एवढं पाळा

● बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. बाणात जाणारा सगळा जोर धनुष्यातच परत फिरतो आणि बांबू तिथल्या तिथे फुटू शकतो. रूममेटला ‘जरा बघू’ म्हणून देताना हे आधी सांगा.

● ओढण्याआधी रोज पाठीवरून बोट फिरवा. फास किंवा बारीक चीर लागली तर ते धनुष्य त्या दिवशी वापरू नका, आधी कोचना दाखवा.

● पावसात भिजलं तर कोरड्या फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा. हेअर ड्रायर नको.

● स्टँड रूमवर, नेमबाजी मात्र रेंजवरच. होस्टेलच्या गच्चीवरून सुटलेल्या बाणाला खाली कोण उभं आहे ते दिसत नाही.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा असणार आहे. म्हणजे ओजसच्या खेळालाही आता ऑलिंपिकचं दार उघडलंय. लाखाचं धनुष्य हातात यायचं तेव्हा येईल. तोवर हातात आहे त्या बांबूवर तुमचा पूर्ण सीझन उभा आहे. या रविवारी हार्डवेअरच्या दुकानात जा आणि दहा फूट पाइप घेऊन या.