थंडीतला घाट आणि थंड इंजिन

डिसेंबरच्या पहाटे वाईत गाडी सुरू करायची आणि काही मिनिटांतच पसरणी घाटाला लागायचं, हे पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्यांना नवं नाही. रात्रभर उघड्यावर गारठलेल्या इंजिनाला हा चढ सोसवत नाही, म्हणून पुष्कळ जण गाडी सुरू करून पंधरा मिनिटं नुसती उभी ठेवतात, चहा घेतात आणि मग सुसाट सोडतात. मला विचाराल तर दोन्ही चूक.

उभ्या गाडीत इंजिन तापवणं ही कार्ब्युरेटरच्या जमान्यातली सवय. तेव्हा चोक ओढल्याशिवाय गाडी दमच धरत नसे. २०००च्या सुमारास आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांत एमपीएफआय यंत्रणा रुळली आणि ती गरज संपली; सवय मात्र राहिली. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ही यंत्रणा जादा पेट्रोल सोडते. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली उतरतं. उभ्या गाडीवर भार नसतो, इंजिन सावकाश तापतं आणि हे धुणं लांबतं. (बंद गॅरेजमध्ये तर असं कधीच करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो.)

आता सुसाट सोडण्याविषयी. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बहुधा ओतीव लोखंडाचं. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, शिवाय पिस्टन तापतोही आधी. एकदम जोर लावला की पिस्टन फुगतो, भोवतालचं सिलिंडर गारच असतं आणि मधली फट आवळते. त्यात ऑइल अजून घट्ट. रोज असं केलं, तर इंजिनकाम लवकर निघणारच.

डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे झालं, असंही नाही. तो कूलंटचं तापमान दाखवतो. ऑइल त्याच्या मागून तापतं. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं. पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच घाला.

मग करायचं काय? गाडी सुरू करा, पट्टा लावा, आरसे बघा. तेवढा अर्धा मिनिट पुरे. डिझेल गाडीत आधी वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा विझू द्या. गावातून हळू निघा. घाटात खालचा गिअर ठेवा, अॅक्सिलरेटर अर्ध्याच्या आत. वरच्या गिअरमध्ये रखडत चढवणंही वाईटच. निदान पहिली दहा मिनिटं अशी जाऊ द्या. मागचा हॉर्न वाजवत असेल, तर जागा बघून कडेला घ्या आणि त्याला पुढे जाऊ द्या.