धुळे आणि जळगाव : दोन शहरे, दोन स्मृती

प्रस्तावना

शहराची संस्कृती त्याच्या अर्थव्यवहारापासून तोडून अभ्यासता येत नाही. शहर कशामुळे वाढले आणि तेथे कोण येऊन राहिले, याचा ठसा तेथील वाङ्मयीन जीवनावरही उमटतो. खानदेशातील धुळे आणि जळगाव या शहरांच्या आधारे हा संबंध या पाठात आपण पाहणार आहोत.

१. धुळे : कचेरी आणि कागद

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी पांझरा नदीकाठचे धुळे मुख्य ठाणे म्हणून निवडले आणि तेथे नवी पेठ वसवली. कचेऱ्या, न्यायालय व शाळा यांमुळे वकील, शिक्षक, कारकून असा लिहिता-वाचता वर्ग येथे स्थिरावला. याच वर्गातील शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते जमवली. ती आज समर्थ वाग्देवता मंदिरात पाहावयास मिळतात. गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवणारे आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाले. त्यांच्या संग्रहाचे जतन व्हावे, म्हणून पुढच्याच वर्षी येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तीही साने गुरुजींनी लिहून घेतल्यामुळे टिकली. धुळ्याची स्मृती अशी मुख्यतः कागदावर उभी आहे.

२. जळगाव : रेल्वे आणि बाजार

जळगावच्या वाढीमागील कारण वेगळे आहे. तापी खोऱ्यातील काळ्या जमिनीत कापूस पिकत होताच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाची मागणी एकाएकी वाढली. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली. माल थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागला आणि जळगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ बनली. पाठोपाठ सरकी काढणारे व गाठी बांधणारे कारखाने आले. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन धुळे पश्चिम खानदेशाचे, तर जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले. आज केळी, डाळ, सोने, पाइप आणि ठिबक सिंचन ही जळगावच्या अर्थव्यवस्थेची ओळख आहे. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

३. बाजारपेठेच्या शहरातील अलिखित काव्य

व्यापाराच्या वह्यांत गाठींची संख्या आणि भाव यांची नोंद होते. पेरणाऱ्या-वेचणाऱ्या हातांची होत नाही. ही उणीव जळगावात एका निरक्षर शेतकरी स्त्रीने भरून काढली. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये जवळच्या असोदे येथे झाला आणि विवाहानंतर त्या जळगावात आल्या. घरात आणि शेतात राबताना त्या लेवा गणबोलीत गाणी रचत. पेरणी, कापणी, मोट, घरोट हे त्यांचे काव्यविषय होते. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ही गाणी टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाले. पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. जळगाव येथील विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. तथापि टिपून घेणारे कोणी नसल्याने किती जात्यावरच्या ओव्या विरून गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

समारोप

धुळ्याची दप्तरे सत्तेचा आणि विद्वत्तेचा इतिहास सांगतात. जळगावची गाणी श्रमाचा इतिहास सांगतात. यांपैकी एकच साधन वाचणाऱ्यास खानदेश अर्धाच कळतो. अहिराणी आणि लेवा गणबोली बोलणारी वडीलधारी माणसे आपल्या घरात वा शेजारी असतील, तर हे साधन अद्याप आपल्या हाताशी आहे.

स्वयंअध्ययनासाठी

१. धुळे व जळगाव यांच्या वाढीची कारणे तुलनेने स्पष्ट करा.

२. आपल्या परिसरातील वृद्ध स्त्रीकडून एखादी ओवी वा गाणे ऐका. बोलीतील उच्चार न बदलता ते लिहून घ्या आणि त्यातील श्रमविषयक शब्दांचे अर्थ नोंदवा.