मनमाड जंक्शनची माणसे विलायतेच्या गाडीत

मनमाडच्या माणसाला आगगाडीचे नवल वाटत नाही. मुंबई, भुसावळ, दौंड आणि औरंगाबाद अशा चारही बाजूंना रूळ गेलेले हे गाव. पहाटे पंचवटी सुटली की आमच्या मोहल्ल्यात चहा चुलीवर चढतो. आमच्यापैकी एकजण रेल्वेच्या कारखान्यात फिटर आणि दुसरी उर्दू-मराठी शिकवणारी शिक्षिका. त्यामुळे निदान गाडीत बसणे तरी कोणी आम्हाला शिकवायला नको, असा आमचा समज होता. गेल्या उन्हाळी सुट्टीत विलायतेला गेलो आणि पहिल्या तीन दिवसांतच हा समज उतरला.

आमच्या लग्नाला २२ वर्षे झाली. या काळात प्रवास पुष्कळ झाला, पण तो लग्नकार्याला, मयतीला, नाहीतर दवाखान्याला. सोबत मुले, अम्मी, डबे आणि पिशव्या. दोघेच असे कधी निघालो नव्हतो.

निघायचे कारण होते आपा. फिटरसाहेबांची ही थोरली बहीण लग्न होऊन ब्रॅडफर्डला गेली. मनमाडला शेवटची आली त्याला १४ वर्षे झाली. तीन वर्षांपूर्वी अम्मींचा इंतकाल झाला तेव्हा दुल्हाभाई आजारी होते, म्हणून तिला येता आले नाही. पुढे दुल्हाभाईही गेले. आता आपा एकटीच राहते, गुडघ्यांनी हैराण आहे. एकदा फोनवर म्हणाली, “अम्मीचा चेहरा नसीब झाला नाही. निदान भावाला तरी बघू दे.” त्या रात्री आमच्या घरात कोणी नीट जेवले नाही.

आमच्याजवळ थोडे पैसे होते, ते उमऱ्यासाठी जमवलेले. नातेवाइकांत कुजबुज झाली, “विलायतेच्या सैरीत उमऱ्याचे पैसे घालवणार!” आमच्याही मनाला ते टोचत होते. आम्ही मशिदीतल्या मौलानांना विचारले. ते म्हणाले, “एकट्या पडलेल्या बहिणीला जाऊन भेटणे हे लहान काम नाही. उमऱ्याची नियत कायम ठेवा, अल्लाह सबब काढील.” मग आम्ही निघालो. सामानात अम्मींनी हाताने शिवलेली गोधडी होती. ती आपासाठी होती.

आपल्याकडून असे जाणारे आम्ही काही पहिले नव्हतो. मुरूड-जंजिऱ्याच्या नाझली बेगम १९०८ मध्ये नवाबसाहेबांबरोबर युरोपला गेल्या आणि ‘सैर-ए-यूरोप’ हे प्रवासवर्णन त्यांनी उर्दूत लिहिले. त्यांची बहीण अतिया फैजी त्याआधी १९०६ मध्ये लंडनला गेली होती, तीही शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला. तिची रोजनिशी ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपात निघाली. त्या राजघराण्यातल्या, आम्ही मोहल्ल्यातले. पण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या घरच्या बाया समुद्र ओलांडून गेल्या आणि परत येऊन लिहून गेल्या, हे आठवले की धीर यायचा.

लंडनला मालेगावच्या एका परिचितांकडे उतरलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, “आधी दोघांचे सवलतीचे कार्ड काढा.” त्या कार्डाचे नावच ‘टू टुगेदर’, म्हणजे दोघे सोबत. आम्ही काढले तेव्हा वर्षाला ३५ पौंड पडले. तिकिटात एक तृतीयांश सवलत मिळते. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. त्यावर दोघांचे फोटो आणि दोघांची नावे असतात. मुख्य अट अशी की दोघे एकाच गाडीत सोबत असले तरच ते चालते. एकटा गेला तर पूर्ण भाडे. रेशनकार्डानंतर आम्हा दोघांची नावे एकत्र असलेले हे दुसरेच कार्ड. ते बाईंच्या पर्समध्ये गेले, कारण तिथले फलक वाचणे आणि इंग्रजीत विचारणे हे काम बाईंकडे आले होते. घरी तिकीट, आरक्षण, सामान हे सगळे फिटरसाहेबांचे खाते. ते काम हातातून गेल्याने ते जरा गप्प गप्पच होते.

दुसऱ्या दिवशी वॉटर्लू स्टेशनवरून वोकिंगला गेलो. अंतर जेमतेम ४० किलोमीटर, अर्ध्या तासाच्या आत पोहोचवतात. वोकिंग आले, गाडी थांबली, आम्ही दारापाशी उभे. दार काही उघडेना. आपोआप उघडेल म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो. मागच्या एका आजीबाईंनी आमच्या खांद्यावरून हात घालून दाराजवळचे बटण दाबले, तेव्हा दार सरकले. बटण दाबले नसते तर गाडी आम्हाला घेऊन पुढे गेली असती. फिटरसाहेब खाली उतरून म्हणाले, “आपल्याकडे दार उघडेच असते, इथे मागावे लागते.”

वोकिंगला जाण्याचे कारण तिथली शाहजहाँ मशीद. स्टेशनपासून पायी जाता येते. ब्रिटनमध्ये खास मशीद म्हणून बांधलेली ही पहिली इमारत, १८८९ ची. लाहोरच्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या डॉ. लाइटनर यांनी ती उभारली आणि खर्चाचा मोठा वाटा भोपाळच्या शाहजहाँ बेगमसाहेबांनी उचलला, म्हणून मशिदीला त्यांचे नाव. शेजारची वास्तू हैदराबादच्या सर सालारजंग यांच्या नावाची आहे. भोपाळ आणि हैदराबाद! दोन्हीकडच्या गाड्या आम्ही मनमाडच्या फलाटावर रोज पाहतो. हिरवा घुमट, पांढऱ्या भिंती, आजूबाजूला उंच झाडे. इमारत आपल्या गावच्या मशिदीपेक्षाही लहान. जुहरची वेळ होती. मुसाफिर म्हणून आमची कस्र, म्हणजे चारऐवजी दोन रकात, पण इमामामागे उभे राहिलो म्हणून पूर्ण चार अदा केल्या. कुरआनचे इंग्रजी भाषांतर करणारे पिकथॉल आणि अब्दुल्लाह यूसुफ अली हे दोघेही इथून जवळच ब्रुकवुडच्या दफनभूमीत आहेत. पिकथॉल यांनी तर मुंबईत वृत्तपत्राचे संपादन केले आणि पुढे हैदराबादला नोकरी केली. त्यांच्यासाठी आम्ही मशिदीतूनच दुआ केली.

तिसरा दिवस खरा प्रवासाचा. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून यॉर्क, तिथून लीड्स आणि शेवटी ब्रॅडफर्ड. यॉर्कपर्यंतचे तिकीट आधीच काढले होते म्हणून स्वस्त पडले. पण असे तिकीट फक्त त्याच गाडीला चालते. ती चुकली की पैसे गेले आणि नवे तिकीट काढा. आम्ही एक तास आधी जाऊन बसलो. मनमाडला कोणती गाडी कोणत्या फलाटावर येते हे लहान पोरेही सांगतात. इथे मोठ्या फलकावर गाडीचे नाव दिसत होते, पण फलाटाचा आकडा काही येईना. गाडी सुटायला थोडी मिनिटे उरली तेव्हा आकडा झळकला आणि सगळी गर्दी एकदम धावली. गाडीची दारे सुटण्याच्या वेळेच्या आधीच बंद होतात, हे आम्हाला परिचितांनी बजावले होते. लाल डगल्यातला हमाल तिथे नाही. फिटरसाहेबांनी दोन्ही बॅगा उचलल्या, बाईंनी गोधडी काखेत मारली आणि आम्हीही धावलो. जागेवर बसलो तेव्हा दम लागला होता, पण हसूही येत होते.

किंग्ज क्रॉस ते यॉर्क सुमारे ३०० किलोमीटर. मनमाड-मुंबईपेक्षा जास्त अंतर, पण वेगवान गाडी ते दोन तासांच्या आसपास कापते. डब्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हते, म्हणून आम्हीही कुजबुजत बोललो. बरोबर मेथीचे पराठे, खजूर आणि शेंगदाण्याची चटणी होती. मांस किंवा दुधाचे पदार्थ बाहेरून त्या देशात नेता येत नाहीत, हे लक्षात ठेवावे. वाटेत काही घ्यायची वेळ आली तर अंड्याचे किंवा चीजचे सँडविच घेतले. आणखी एक गोष्ट भगिनींसाठी: गाडीतल्या शौचालयात तांब्या किंवा नळी नसते. एक लहान रिकामी बाटली पर्समध्ये असू द्यावी.

यॉर्क स्टेशनला लागूनच राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. प्रवेश मोफत. तिथे ‘मॅलार्ड’ नावाचे निळे वाफेचे इंजिन उभे आहे. १९३८ मध्ये त्याने ताशी १२६ मैल, म्हणजे जवळपास २०३ किलोमीटर वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनांत तो विक्रम मानला जातो. पण फिटरसाहेब अडकले ते दुसऱ्याच इंजिनापाशी. ते इंजिन उभे कापून ठेवले आहे; बॉयलर, नळ्या, दट्ट्या सगळे आतून दिसते. तीन दिवस गप्प असलेला माणूस बोलू लागला. पाणी कुठे तापते, वाफ कुठून जाते, दट्ट्या चाक कसे ढकलतो, हे सगळे त्यांनी बाईंना समजावून सांगितले. बाजूला एक इंग्रज बाप आपल्या मुलाला घेऊन उभा होता. फिटरसाहेबांचे हातवारे पाहून तो मुलगाही ऐकू लागला, त्याला भाषा कळत नव्हती तरी. १८२५ मध्ये याच देशात स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली आणि २८ वर्षांतच, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली प्रवासी गाडी धावली. मनमाड जंक्शन होण्यामागे ही सगळी कहाणी आहे, हे आमच्या शाळेतल्या मुलांना असे इंजिन दाखवून शिकवता आले तर किती बरे, असे वाटले.

स्टेशनसमोर जुन्या तटबंदीखाली हिरवळ आहे. तिथे कोपऱ्यात जानमाज अंथरून कस्र नमाज अदा केली. येणारे-जाणारे आपापल्या वाटेने जात राहिले.

लीड्सला उतरलो तेव्हा आपाचा निरोप आला होता, “मी स्टेशनवर येते, तुम्ही ब्रॅडफर्डच्या गाडीत बसा.” फलकावर ब्रॅडफर्ड दिसले, आम्ही बसलो. वीस-एक मिनिटांत शेवटचे स्टेशन आले. या वेळी बटण आम्हीच दाबले. फलाटावर आपा नव्हती. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. फोनची बॅटरी लीड्सलाच संपली होती. बाईंनी फलक नीट वाचला: ब्रॅडफर्ड फॉर्स्टर स्क्वेअर.

ब्रॅडफर्डला दोन स्टेशने आहेत, हे आम्हाला ठाऊक नव्हते. एक फॉर्स्टर स्क्वेअर आणि दुसरे इंटरचेंज. दोन्ही शेवटची स्टेशने, रुळाने एकमेकांना न जोडलेली. लीड्सहून दोन्हीकडे गाड्या जातात. आपाने ‘स्टेशन’ म्हटले ते तिच्या सवयीचे इंटरचेंज, आणि आम्ही बसलो दुसऱ्याच गाडीत. दुखऱ्या गुडघ्यांची बाई तिकडे काठी टेकून उभी, आणि आम्ही इकडे. फिटरसाहेबांचा चेहरा उतरला. “एवढ्या लांब येऊन तिला ताटकळत ठेवले,” एवढेच ते म्हणाले.

बाईंचे इंग्रजी अशा वेळी घशात अडकले. तेवढ्यात समोरून एक म्हातारे गृहस्थ आले, डोक्यावर टोपी, हातात भाजीची पिशवी. फिटरसाहेब पुढे झाले आणि सलाम करून साध्या उर्दूत सगळी अडचण सांगितली. ते मूळचे मीरपूरचे. तरुणपणी इथल्या लोकरीच्या गिरण्यांत कामाला आलेल्या हजारो लोकांपैकी एक. त्यांनी स्वतःच्या फोनवरून आपाचा नंबर लावून दिला. फिटरसाहेब म्हणाले, “आपा, तू हलू नकोस. बाकावर बस. आम्ही येतो.” दहा-बारा मिनिटांची वाट, पण थोडी चढाची. ते गृहस्थ सिटी हॉलच्या घड्याळापर्यंत आमच्यासोबत चालत आले आणि तिथून रस्ता दाखवून परत फिरले. नावही विचारायचे राहिले.

इंटरचेंजच्या बाकावर आपा बसली होती. केस पांढरे झालेले. भावाला पाहून उठायला गेली, पण तिला उठता आले नाही. फिटरसाहेब तिच्या पायाशी खालीच बसले. ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “किधर उतर गए थे रे मुन्ना?” ५० च्या घरातला माणूस, पण त्या क्षणी लहान झाला. आम्ही बॅग उघडून गोधडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती नाकाला लावली आणि बराच वेळ तशीच धरून बसली. स्टेशनवरची माणसे आमच्या बाजूने वळसा घालून जात होती.

आपाकडे आम्ही १२ दिवस राहिलो. तिला दवाखान्यात नेले, भिंती पुसल्या, रात्री अम्मींच्या गोष्टी काढल्या. पण वाचकांना सांगावेसे वाटते ते त्या पहिल्या तीन दिवसांबद्दल. जायचा योग आला तर स्टेशनचे पूर्ण नाव लिहून घ्या आणि फोन भरलेला ठेवा. विचारायला लाजू नका. जिथे बाईंचे इंग्रजी चालले तिथे बाईंनी विचारले, जिथे ते अडले तिथे फिटरसाहेबांची उर्दू उपयोगी पडली. दोघांपैकी एकटा कोणी गेला असता तर आपापर्यंत पोहोचलाही असता, पण बराच भटकून.

उमऱ्याचे पैसे आम्ही पुन्हा साठवू लागलो आहोत. या वेळी डबा एकच आहे, त्यात दोघेही टाकतो. इन्शाअल्लाह, तो सफरही दोघे सोबत करू.