टेनिस न खेळता टेनिस एल्बो!

टेनिस एल्बो हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचवला तो सचिनने. मे २००५ मध्ये त्याच्या कोपराचं लंडनला ऑपरेशन झालं. पण त्यासाठी बॅट-रॅकेट लागतेच असं नाही. दिवसभर माऊस धरणाऱ्यांनाही हे दुखणं गाठतं. मलाही गाठलंय. चहाचा कप उचलला की कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. कारण तिथल्या टेंडनची झीज.

'एक स्टिरॉइडचं इंजेक्शन घे, मोकळी हो!' हा सल्ला मला सगळ्यात जास्त मिळाला. आराम पटकन पडतो, हे खरं. पण २०१३ मध्ये 'जामा'त आलेला ऑस्ट्रेलियातला अभ्यास वाचा. स्टिरॉइड घेतलेल्या ५४ टक्के लोकांचं दुखणं वर्षभरात उलटलं. नुसतं सलाइन टोचलेल्यांपैकी फक्त १२ टक्क्यांचं!

मग पीआरपी? यात आपलंच रक्त मशीनमध्ये फिरवून, प्लेटलेट्स वेगळ्या काढून कोपरात टोचतात. ऐकायला एकदम हायटेक, पण २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात त्याचा खास फायदा दिसला नाही.

तिसरा पर्याय टेनोटॉमी. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, सुईसारख्या उपकरणाने खराब झालेला भाग काढतात. मोठा छेद नाही. पण याचा विचार सहा-बारा महिने बाकी उपाय करून झाल्यावरच.

तोवर? जड उचलणं कमी आणि फिजिओने शिकवलेले व्यायाम रोज. बहुतेकांचं कोपर साधारण वर्षभरात एवढ्यानेच सुधारतं. माझाही सध्या हाच प्लॅन आहे. घाई बॉसला असते, टेंडनला नाही!